लिनिअर की स्विचिंग: ऑडिओसाठी ३ अँपिअरचा शांत सप्लाय बांधताना

फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा), डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा) आणि हेडफोन ॲम्प्लिफायर यांचे तीन वेगवेगळे ॲडॅप्टर काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी १२ व्होल्टचा एकच दणकट सप्लाय बांधायचा, असं ठरवलं की पहिलाच प्रश्न अडतो. ट्रान्सफॉर्मरचा जड डबा, म्हणजे लिनिअर सप्लाय बांधायचा, की चांगलं स्विचिंग मॉड्यूल आणून त्याच्यापुढे फिल्टर लावायचा? मी दोन्ही बांधले. दोन्ही ३ अँपिअर सहज देतात आणि दोन्ही आजही चालू आहेत. पण रेकॉर्ड ऐकायला बसतो तेव्हा कपाटामागे त्यातला एकच असतो. तुमची जुळणी वेगळी असेल तर तुमचा निर्णय वेगळा पडू शकतो, म्हणून माझा निर्णय कशावर ठरला ते जरा सविस्तर सांगतो.

आधी लिनिअरचा हिशेब, कारण तिथे ‘३ अँपिअर’ हा आकडा फसवा असतो. ब्रिजनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतरच्या) कॅपॅसिटरवर दर सेकंदाला १०० वेळा भरती होते (६० हर्ट्झची वीज असेल तिथे १२०). १०,००० मायक्रोफॅरड लावले आणि ३ अँपिअर ओढले, तर दोन भरत्यांच्या मध्ये व्होल्टेज जवळपास ३ व्होल्टनी खाली येतं. ट्रान्सफॉर्मरच्या १५ व्होल्टच्या वाइंडिंगमधून डायोडनंतर साधारण १९ व्होल्टचं शिखर मिळतं. त्यातून हे ३ गेले, वर घरची वीज थोडी पडली, की एलएम३३८ या रेग्युलेटरला नीट काम करायला लागणारे अडीच-तीन व्होल्ट उरतच नाहीत. मग रेग्युलेटर क्षणभर सुटतो आणि ती घरघर थेट बाहेर येते. म्हणून मी २२,००० मायक्रोफॅरड घातले आणि चढउतार दीड व्होल्टच्या आत आणला. ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. कॅपॅसिटर छोट्या, टोकदार झटक्यांनी भरतो, त्यामुळे वाइंडिंगमधला प्रवाह बाहेरच्या डीसीच्या पावणेदोनपट धरावा लागतो. हिशेब ७५ व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) पुढे जातो, तेव्हा १०० व्हीएपेक्षा लहान घेऊ नये. पूर्ण भाराला रेग्युलेटरवर वीसेक वॅटची उष्णता होते. हीटसिंक जेमतेम पुरेल एवढाच घेतलात तर त्यावर हात ठेववत नाही.

स्विचिंगमध्ये यातली बहुतेक डोकेदुखी नसते. लॅपटॉपच्या ॲडॅप्टरसारखं बंद, दोन पिनांचं १५ व्होल्टचं मॉड्यूल घेतलं, पुढे कॉइल आणि कॅपॅसिटरचा फिल्टर, मग तोच एलएम३३८. उष्णता निम्म्याहून कमी, वजन नाममात्र, आणि वीज वरखाली झाली तरी त्याला फरक पडत नाही. फिल्टर मात्र वगळू नका. तीन पायांचा रेग्युलेटर १०० हर्ट्झची घरघर छान दाबतो, पण मॉड्यूलचं स्विचिंग लाखभर हर्ट्झच्या आसपास चालतं आणि तिथे त्याची ताकद फार कमी झालेली असते. २२ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कॅपॅसिटर ते काम करतो. कॉइल ३ अँपिअरला संपृक्त होणार नाही (गाभा चुंबकाने भरून ती निकामी होणार नाही) अशीच घ्यावी. कॅपॅसिटरशेजारी एक मोठा, साधा कॅपॅसिटर छोट्या रेझिस्टरमार्फत जोडावा, नाहीतर फिल्टर स्वतःच एका वारंवारतेला घुमतो.

इतकं झाल्यावर मी हेडफोन लावून दोन्ही सप्लाय आलटून पालटून ऐकले. आवाज पूर्ण वर, गाणं बंद. माझ्या कानाला फरक लागला नाही. सप्लायच्या दोन तारांमधली स्वच्छता एवढाच प्रश्न असता तर मी इथेच थांबलो असतो आणि हलका डबा ठेवला असता.

अडचण फोनो प्रीॲम्पची तार मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडल्यावर सुरू झाली. स्पीकरमधून बारीक, चिवट अशी झर्रर्र यायला लागली. गुणगुणीसारखी गोल नव्हती ती, कागदावर नख ओढल्यासारखी होती. गाणं चालू असताना ऐकू यायची नाही. पण दोन गाण्यांमधल्या शांततेत, रात्री घर निजल्यावर, ती हटकून पुढे यायची. मी सप्लायच्या आउटपुटला आणखी कॅपॅसिटर लावले. कॉइल बदलली. फिल्टरचा दुसरा टप्पा जोडला. झर्रर्र होती तशीच. या प्रकारात माझे तीन आठवडे गेले. त्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे ॲम्प्लिफायरची तार काढून फक्त हेडफोनवर ऐकलं की सगळं शांत. सप्लाय निर्दोष वाटायचा, जोडणी पूर्ण केली की पुन्हा तेच.

सुगावा बोटाला लागला. एका रात्री ती तार सुटी असताना प्रीॲम्पच्या डब्यावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली, तर पत्रा खरखरीत लागला. वीज बंद केली आणि तोच पत्रा गुळगुळीत. मीटर एसीवर ठेवून सप्लायची ऋण तार आणि भिंतीतलं अर्थिंग यांच्यामध्ये मोजलं, तेव्हा नव्वदच्या वर व्होल्ट दिसले.

हा बिघाड नाही, रचनाच अशी असते. स्विचिंग मॉड्यूलमध्ये विजेची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये मुद्दाम एक वाय कॅपॅसिटर लावलेला असतो, बहुतेकदा एक-दोन नॅनोफॅरडचा. तो नसेल तर मॉड्यूल रेडिओवर फार गोंगाट करेल. त्यातून शंभरेक मायक्रोअँपिअर गळतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही गळती अगदी मर्यादेत असते. पण तिला जमिनीकडे परतायला वाट लागते, आणि दोन पिनांच्या सप्लायमध्ये अर्थिंग नसल्यामुळे ती वाट तुमच्या सिग्नलच्या तारेच्या जाळीतून जाते: सप्लायमधून प्रीॲम्प, तिथून जाळी, तिथून अर्थिंग असलेला ॲम्प्लिफायर. प्रीॲम्पच्या आतल्या ग्राउंडवर त्यामुळे काही मायक्रोव्होल्ट उमटतात. डॅकच्या २ व्होल्टच्या सिग्नलपुढे ते काहीच नाहीत. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (रेकॉर्डवरच्या सुईच्या डबीच्या) ५ मिलिव्होल्टपुढे मात्र ते पुरेसे आहेत, कारण फोनो प्रीॲम्प सिग्नल शंभरपट वाढवतो आणि आरआयएए वक्रामुळे (रेकॉर्ड बनवताना कमी केलेला खर्ज परत वाढवणाऱ्या ठरीव दुरुस्तीमुळे) ५० हर्ट्झला त्यावर आणखी १७ डेसिबलची भर घालतो.

माझे तीन आठवडे का वाया गेले तेही यातून कळलं. दोन तारांमधला फरक मी गाळत होतो, आणि इथे दोन्ही तारा एकदमच वरखाली हलत होत्या. आउटपुटवर पोतंभर कॅपॅसिटर लावले तरी या हलण्याला काही होत नाही.

यावर सरळ उपाय आहे: सप्लायची ऋण तार अर्थिंगला जोडून टाकायची. मी जोडली. झर्रर्र तत्क्षणी गेली, पण तिच्या जागी मंद, जाड गुणगुण आली. आता प्रीॲम्पला एक अर्थिंग सप्लायकडून आणि दुसरं ॲम्प्लिफायरच्या जाळीतून, असा ग्राउंडचा फेरा तयार झाला होता. दोन्ही प्लग एकाच पट्टीत लावल्यावर ती बरीच उतरली, पूर्ण गेली नाही. ज्यांच्या ॲम्प्लिफायरला अर्थिंगच नाही, त्यांचं काम इतक्यावर भागेल असं मला वाटतं. माझं भागलं नाही.

मग ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. त्यातही दोन मुक्काम झाले. पहिला टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराच्या गाभ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. देखणा, बसका, बाहेर चुंबकीय क्षेत्र फारसं न सांडणारा. झर्रर्र गेली. ऋण आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटर अजून काही व्होल्ट दाखवत होता, कारण टोरॉइडमध्ये दुसरं वाइंडिंग पहिल्याच्या अंगावरच गुंडाळलेलं असतं आणि त्या दोघांमध्ये शेकड्यांत पिकोफॅरड जमतात. मध्ये अर्थिंगला जोडलेला तांब्याचा पडदा असलेला टोरॉइड मिळाला तर हाही मुद्दा मिटतो. मला त्याच्याबद्दल खटकलं ते वेगळंच. घरात कोणी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला की टोरॉइड स्वतःच गुरगुरायला लागायचा, स्पीकरमधून नव्हे, डब्यातून. असे काही ड्रायर अर्ध्या वेगासाठी डायोड लावून विजेचा अर्धाच भाग ओढतात. त्यातून विजेवर थोडं डीसी चढतं, आणि हवेची फट नसलेला टोरॉइडचा गाभा तेवढ्यानेच एका बाजूला झुकतो.

शेवटी ज्याला कोणी फारसं विचारत नाही तो साधा, चौकोनी पट्ट्यांचा ईआय ट्रान्सफॉर्मर घेतला, दोन खणांच्या बॉबिनवर गुंडाळलेला. एका खणात विजेचं वाइंडिंग, शेजारच्या खणात बाहेरचं. अंतर राहिल्यामुळे दोघांमधली कपॅसिटन्स दोन आकडी पिकोफॅरडवर येते, आणि पट्ट्यांच्या सांध्यांतल्या फटींमुळे थोडं डीसी तो पचवतो. ड्रायर लावून पाहिला. डबा गप्प. बाहेर दोन स्वतंत्र वाइंडिंग घेतली: छोटं फक्त प्रीॲम्पसाठी, एलएम३१७ या रेग्युलेटरवर, मोठं डॅक आणि हेडफोन ॲम्प्लिफायरसाठी. एकच सप्लाय तिघांना द्यायचा हा माझा मूळ बेत इथे बदलला, आणि तो बदल करावाच असं मी सुचवेन. ऋण तार सामाईक ठेवली की डॅकचा प्रवाह प्रीॲम्पच्या ग्राउंडमधून वाट शोधतो, मग सप्लाय कुठल्याही जातीचा असो.

ईआयच्या उणिवाही सांगायला हव्यात. तो चुंबकीय क्षेत्र सांडतो, आणि कार्ट्रिजचं कॉइल ते आनंदाने उचलतं. माझा डबा टर्नटेबलपासून मीटरभर लांब, खालच्या फळीवर आहे. डबा थोडा फिरवून सगळ्यात शांत कोन शोधायलाही एक संध्याकाळ गेली. तारांची मांडणी चुकली तर लिनिअरही घरघरतो. माझ्याकडे दोन कॅपॅसिटरच्या ऋण टोकांना जोडणारी तांब्याची जाड पट्टी होती, आणि आउटपुटची ऋण तार मी सोयीचं म्हणून ब्रिजच्या बाजूच्या टोकाला सोल्डर केली होती. भरतीचे ते टोकदार झटके त्याच पट्टीतून जात होते. तार उपसून ४ सेंटीमीटर पलीकडे, दुसऱ्या कॅपॅसिटरपाशी लावली आणि उरलीसुरली घरघर संपली. भाग एकही बदलला नाही.

वजन, उष्णता आणि जागा या तिन्ही बाबतींत लिनिअर मागे आहे. स्विचिंगला कमी लेखायचं मुळीच कारण नाही. लिन कंपनी कित्येक वर्षं स्विचिंग सप्लाय वापरत आली आहे, आणि बेंचमार्कचा एएचबी२ हा अत्यंत शांत ॲम्प्लिफायरही स्विचिंगवरच चालतो. पण तिथे अर्थिंग, डबा आणि आतली मांडणी एकाच हाताने एकत्र आखलेली असते. आपण मॉड्यूल बाहेरून आणून जोडतो तेव्हा गळतीची वाट आपल्या तारांवर सोडून देतो.

म्हणून तुमच्याकडे टर्नटेबल नसेल, फक्त डॅक आणि हेडफोन असतील, किंवा स्पीकरपर्यंतची जोडणी बॅलन्स्ड (सिग्नल दोन तारांमधल्या फरकाने नेणारी) असेल, तर मी बिनदिक्कत स्विचिंग घ्या म्हणेन. २४ व्होल्टला १० अँपिअर वगैरे लागणार असतील तर लिनिअरचा नाद सोडलेलाच बरा, कारण तेवढी उष्णता घरात कोण सांभाळणार? मधला मार्गही आहे: वैद्यकीय उपकरणांसाठी बनवलेली मॉड्यूल. त्यांची गळती मुद्दाम फार कमी ठेवलेली असते. मी ती वापरलेली नाहीत, पण आज नव्याने स्विचिंग बांधायचं झालं तर सुरुवात तिथूनच करेन.

फोनो प्रीॲम्प असेल आणि ॲम्प्लिफायरला अर्थिंग असेल, तर माझा कल ईआयकडे आहे. ठरवण्याआधी एक चाचणी जरूर करा. आत्ता जो ॲडॅप्टर आहे तोच ठेवा, टर्नटेबलची तार काढा, प्रीॲम्पच्या इनपुटमध्ये शॉर्ट केलेले प्लग घाला आणि आवाज वर करून ऐका. मग ॲडॅप्टर भिंतीतून उपसा आणि पुढचे दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका. प्रीॲम्पमधले कॅपॅसिटर तेवढा वेळ त्याला जिवंत ठेवतात. झर्रर्र त्याच क्षणी तुटली आणि मागे नुसती मऊ सळसळ राहिली, तर ती गळतीच आहे. मग तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या शोधाला लागा.