छापखान्याला सल्लागार नेमला, त्याला अकरा महिने झाले

अकरा महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या छापखान्यासाठी आणि त्याला जोडून असलेल्या छोट्या प्रकाशनासाठी मार्केटिंग आणि धोरण पाहणारा सल्लागार नेमला. त्या वेळी कोणाचा तरी खरा अनुभव वाचायला मिळावा म्हणून मी खूप शोधाशोध केली. जे सापडलं ते एक तर सल्लागारांनीच स्वतःबद्दल लिहिलेलं होतं किंवा पहिल्या पंधरवड्याच्या उत्साहात कोणी तरी लिहून टाकलेलं. म्हणून मी लिहायची घाई केली नाही. आता पुस्तकांचा हंगाम, डायऱ्या-कॅलेंडरांची धावपळ आणि मधले कोरडे महिने, सगळं या काळात पाहून झालं आहे.

आमच्याकडे एक चाररंगी ऑफसेट, एक जुनं एकरंगी, एक डिजिटल यंत्र आणि स्वतःचं बाइंडिंग खातं आहे. प्रकाशनाची शंभराच्या आसपास पुस्तकं आहेत. काम कधी कमी नव्हतं. यंत्रं दिवसभर धडधडत असायची, तरी महिनाअखेरीस कागदवाल्याचं बिल भागवताना हात आखडता घ्यावा लागायचा. असं का होतं, हे मला आणि दादाला सांगता येत नव्हतं.

खरं तर हा आमचा दुसरा सल्लागार. आधी एका मोठ्या सल्लागार संस्थेला काम दिलं होतं. तीन महिन्यांनी नव्वद पानांचा देखणा अहवाल आला. त्या संस्थेची माणसं यंत्राजवळ फिरकलीसुद्धा नव्हती. रोज समाजमाध्यमांवर काही तरी टाका, बोधचिन्ह बदला आणि एक ठरावीक नवं यंत्र घ्या, असं त्याचं सार होतं. ते यंत्र विकणाऱ्याकडून त्यांना दलाली मिळणार होती, हे नंतर कळलं. ते फार लागलं. दादा तर सल्लागार हा शब्दही ऐकून घ्यायला तयार नव्हता.

आताच्या सल्लागार एक बाई आहेत आणि त्या एकट्याच काम करतात. आधीची बरीच वर्षं त्यांनी एका छापखान्यात कोटेशन काढायच्या टेबलावर घालवली आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘आठ तासांच्या पाळीत तुमचं चाररंगी खरोखर किती वेळ छापतं?’’ दादा म्हणाला, सात तास. त्या म्हणाल्या, बघू या. मग तीन दिवस त्या वही आणि घड्याळ घेऊन मशीनवरच्या मामांशेजारी उभ्या राहिल्या. प्लेट (छपाईचा पत्रा) बदलणं, ब्लँकेट (कागदावर शाई उतरवणारी रबरी चादर) धुणं, रजिस्टर जुळवणं (रंग एकमेकांवर नेमके बसवणं), कागदाची वाट बघणं, गिऱ्हाइकाच्या होकाराची वाट बघणं, सगळ्याची मिनिटं टिपली. तिसऱ्या संध्याकाळी बेरीज केली तर प्रत्यक्ष छपाई सव्वातीन तास.

मामांचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षं यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला हा आकडा म्हणजे स्वतःवरचा ठपका वाटणारच. बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि एकेक ओळ वाचून दाखवली, ‘‘मामा, यात तुमचा वेळ किती आणि ऑफिसने घालवलेला किती, तुम्हीच खूण करा.’’ बहुतेक खुणा ऑफिसच्या बाजूला पडल्या. ज्याचा फोन जोरात त्याचं काम आधी, अशी आमची रीत होती. त्यामुळे गुळगुळीत आर्टपेपरवरून साध्या मॅपलिथोवर, गडद कामावरून फिक्यावर, पुन्हा गडदावर असं दिवसभर चालायचं आणि दर वेळी धुणं व्हायचं. आता एकाच कागदाची कामं लागोपाठ लावतो, फिकी आधी आणि गडद नंतर. सध्या सरासरी पावणेपाच तासांवर आलो आहोत.

याचा मार्केटिंगशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. संबंध असा, की कुठल्या कामातून पैसे उरतात हे माहीत नसेल तर कुठल्या गिऱ्हाइकामागे धावायचं हेही कळत नाही. आम्ही इतके दिवस सगळ्यांमागे धावत होतो.

मग त्यांनी कोटेशनची वही मागितली. सहा महिन्यांत आम्ही २१२ कोटेशनं दिली होती, त्यातली ५१ कामं आली. ती ५१ का आली, हे त्यांनी एकेक करून शोधलं आणि अनेक ठिकाणी उत्तर एकच निघालं, आमचा हिशेब चुकला होता म्हणून आम्ही स्वस्त होतो. एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते बऱ्याच छापखान्यांना लागू पडेल. १६० पानांचं पुस्तक म्हणजे सोळापानी दहा फर्मे. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं. छपाई एकरंगी असली तरी प्रत्येक फर्म्याच्या दोन बाजूंच्या दोन प्लेट, म्हणजे वीस प्लेट. लेखक शेवटच्या प्रुफात ऋणनिर्देश आणि सूची मिळून चार पानं वाढवतो आणि पुस्तक १६४ पानांचं होतं. आम्ही दर पानावर लावत होतो, त्यामुळे चार पानांचे पैसे घेत होतो. प्रत्यक्षात त्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळी मेकरेडी (छपाईआधीची यंत्राची जुळवाजुळव), वेगळा वाया जाणारा कागद, बाइंडिंगला वेगळी घडी आणि गॅदरिंगला, म्हणजे फर्मे क्रमाने गोळा करायला, एक जास्तीचा हात लागायचा. असं कामागून काम आम्ही पदरचे पैसे घालून करत होतो.

यातूनच आमचं सगळ्यात यशस्वी मार्केटिंग जन्माला आलं. बाईंनी माझ्याकडून एक पानाचं टिपण लिहून घेतलं. पानसंख्या सोळाच्या पटीत का ठेवावी, पाठकोऱ्या पानांचं नियोजन कसं करावं, कागदाचा जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) बदलला की पुस्तकाचा कणा किती जाड होतो आणि मुखपृष्ठाची फाइल त्याआधी का करू नये, एवढंच त्यात आहे. हे पान आम्ही प्रत्येक कोटेशनसोबत देतो. प्रकाशक ते जपून ठेवतात, एकमेकांना पाठवतात. गेल्या पाच महिन्यांत नवीन आलेल्या गिऱ्हाइकांतले निम्मे तरी ‘ते पान तुमचंच ना?’ असं विचारत आले.

दुसरी गोष्ट उजेडाची. रंग पसंत नाही म्हणून परत येणारं काम हा आमचा जुना आजार. गिऱ्हाईक घरच्या पिवळ्या दिव्याखाली प्रूफ बघायचं आणि मशीनवर आल्यावर हे वेगळं दिसतं म्हणायचं. रंग पाहण्यासाठी मुद्रणात डी-५० हा, सुमारे ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानतात आणि ऑफसेटच्या रंगांसाठी आयएसओ १२६४७-२ हे मानक आहे, हे आम्हाला माहीत होतं. पण आम्ही ते मामांपुरतं ठेवलं होतं. बाईंनी तसा उजेड असलेलं टेबल गिऱ्हाइकासाठी मांडायला लावलं आणि पहिल्या शीटला त्याला बोलवायला सांगितलं. तिथेच सही. माणूस शीट हातात घेतो, भिंगातून ठिपके बघतो आणि त्याचा आवाजच बदलतो. परत येणारी कामं जवळजवळ थांबली.

प्रकाशनाच्या बाजूने त्यांनी आमचं एक ठाम मत मोडलं. जास्त प्रती छापल्या की प्रत स्वस्त पडते, म्हणून आम्ही हजाराखाली उतरत नव्हतो. त्यांनी गोदामात नेऊन विचारलं, हजारातल्या सहाशेच गेल्या तर विकलेली प्रत केवढ्याला पडली? छापील प्रतीच्या खर्चाच्या १.६७ पट. शिवाय चारशे प्रतींना जागा, वाळवी आणि ओल. ऑफसेटमध्ये प्लेट आणि मेकरेडीचा खर्च पहिल्या प्रतीआधीच होऊन जातो. डिजिटलवर पहिली आणि तीनशेवी प्रत साधारण एकाच दराने निघते. हे दोन हिशेब कुठे एकमेकांना छेदतात, ते त्यांनी आमच्याच आकड्यांवरून काढायला लावलं. आमच्या साध्या एकरंगी पुस्तकांसाठी तो आकडा ३२० प्रतींच्या आसपास आला, त्याखाली डिजिटल स्वस्त. आता पुनर्मुद्रणं दीडशे-दोनशेची करतो आणि पंचवीस जुनी पुस्तकं, जी संपली म्हणून आम्ही सोडून दिली होती, पुन्हा यादीवर आहेत.

जुन्या पुस्तकांबाबत एक चूक मात्र आमची होती आणि ती सांगायला हवी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, १ जानेवारी २००७ पासून दहाऐवजी तेरा अंकी झाला. जुन्या पुस्तकांच्या यादीत आम्ही दहा अंकांपुढे ९७८ लावून मोकळे झालो होतो. शेवटचा तपासणी अंक तसाच ठेवला होता. तो तसा ठेवून चालत नाही. जुन्या क्रमांकात तो ११ च्या हिशेबाने निघायचा, नव्यात १० च्या. ऑनलाइन दुकानांच्या प्रणाली आमचे क्रमांक नाकारत होत्या आणि आम्ही समजत होतो, जुनी पुस्तकं कोणाला नको आहेत. एका दुपारी बाईंनी ३७ क्रमांक नव्याने काढून दिले. विषयांचे थेमा संकेत (पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत) आणि नीट लिहिलेले परिचयही त्याच आठवड्यात भरले. त्यानंतर जुन्या पुस्तकांना थोडी का होईना, पण सलग मागणी येऊ लागली.

आता जे जमलं नाही ते. वाचकाचं काल्पनिक व्यक्तिचित्र काढायची दोन दिवसांची कार्यशाळा वाया गेली. माहितीपर ईमेल चार महिने पाठवल्या, त्यातून एकही काम आलं नाही. त्यांचा पहिला अहवाल अशा व्यवस्थापकीय भाषेत होता की बाइंडिंगमधल्या ताईंना त्यातलं अक्षर कळेना. मी तो परत पाठवला आणि त्यांनी कुरकुर न करता साध्या मराठीत लिहून दिला. पॅकेजिंगमध्ये उतरा, हा त्यांचा आग्रह आम्ही मानला नाही. खोक्यांना डाय-कटिंग, पेस्टिंग, वेगळी शाई, वेगळी माणसं लागतात आणि आमचं मन पुस्तकात आहे. यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्यांचं गणित कदाचित बरोबर असेल, पण मला माझा निर्णय आजही पटतो.

चौथा आणि पाचवा महिना कठीण गेला. त्यांच्या सांगण्यावरून दोन मोठी गिऱ्हाइकं सोडली होती, कारण त्यांचे दर परवडत नव्हते आणि उधारी सहा-सहा महिने थकत होती. यंत्र रिकामं दिसायला लागलं. मला रात्र रात्र झोप नव्हती. त्या काळात बाई आठवड्यातून दोनदा येऊन बसत, लहान प्रकाशकांना स्वतः फोन करत, तिसऱ्या दिवशी कोटेशनचा पाठपुरावा कसा करायचा ते मला शेजारी बसवून ऐकवत. सातव्या महिन्यात चित्र पालटलं. आज एकूण उलाढाल गेल्या वर्षापेक्षा किंचित कमी आहे आणि हातात उरणारी रक्कम स्पष्टपणे जास्त. कोटेशनं कमी देतो, पण तीनातलं एक तरी काम होतं.

दादाला नव्या यंत्राची ओढ आहे. बाईंनी त्याला २०१२ च्या ड्रुपाची, म्हणजे मुद्रणयंत्रांच्या मोठ्या प्रदर्शनाची, गोष्ट सांगितली. इंडिगोचं डिजिटल यंत्र १९९३ मध्ये बाजारात आणणाऱ्या बेनी लांडा यांनी जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या त्या प्रदर्शनात नॅनोग्राफी हे अतिसूक्ष्म रंगकणांच्या शाईने छापायचं नवं तंत्र दाखवलं. लोकांनी रांगा लावून यंत्र घेण्याची इरादापत्रं दिली आणि यंत्र गिऱ्हाइकांच्या छापखान्यात पोचायला त्यानंतर कित्येक वर्षं लागली. ‘‘तंत्र चांगलं आहे का हे मी विचारतच नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या पावणेपाच तासांचे सहा झाले की मग यंत्राचं बोलू.’’ दादाने ते मानलं, हे मला अजून नवल वाटतं.

कोणी सल्लागार नेमणार असेल तर करारातल्या दोन ओळी नक्की बघा. कागद, यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कोणाकडूनही त्या दलाली घेणार नाहीत, हे आम्ही लेखी घेतलं. आणि मोबदला उलाढालीच्या टक्क्यावर ठेवला नाही, महिन्याची ठरावीक रक्कम ठेवली. टक्का ठेवला असता तर परवडत नसलेलं काम सोडा, असं सांगणं त्यांनाच जड गेलं असतं. दर तीन महिन्यांनी करार थांबवायची मोकळीक दोन्ही बाजूंना होती.

घड्याळाची वही आता मामा स्वतः लिहितात आणि सकाळी चहाच्या वेळी आदल्या दिवसाचा आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. पुढच्या महिन्यापासून बाई महिन्यातून एकच दिवस येणार आहेत. त्या दिवसासाठी दादाने यादी करायला घेतली आहे. तिच्यात पहिल्या ओळीवर रद्दीचं वजन आहे, कारण ते आम्ही अजून मोजत नाही.