जुनी आरव्ही घेताना किमतीचा कागद डीलरच्या हातून घेऊ नका

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, मुलांना सुट्ट्या लागतात, आणि प्रत्येक मुक्कामाला हॉटेलच्या दोन-दोन खोल्या घेण्यापेक्षा जुनी आरव्हीच, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडीच, घेऊन टाकू, असं बऱ्याच घरांत ठरतं. आमच्या न्यू जर्सीतल्या घरातही ठरलं. 2022च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका डीलरकडून आम्ही 2015ची क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, मोटरहोम घेतली. फोर्ड ई-450ची चासी, एकतीस फूट लांबी, किंमत 69,000 डॉलर. ही गाडी त्या किमतीची नव्हती, आणि ते डीलरला पक्कं ठाऊक होतं.

सेल्समनने आल्या-आल्या समोर छापील कागद ठेवला. जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या जे. डी. पॉवर (पूर्वीचं 'एनएडीए') यांच्या दरपत्रकाचा. त्यावर सरासरी किरकोळ किंमत 74,000 दिसत होती. "बघा, पाच हजारांनी स्वस्त देतोय." कागद खोटा नव्हता, पण भरला होता लबाडीने. या दरपत्रकात मॉडेलची एक मूळ किंमत असते आणि तिच्यावर जादा सोयींची रक्कम चढवता येते. कारखान्यातूनच बसवून आलेल्या गोष्टी मूळ किमतीत आधीच धरलेल्या असतात. या माणसाने जनरेटर, छतावरचा एसी, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छत), मायक्रोवेव्ह, मागचा कॅमेरा, सगळ्यांवर खुणा केल्या होत्या. पुढे कंपनीचं त्या वर्षीचं माहितीपत्रक काढून पाहिलं, तर यातलं सगळं आमच्या मॉडेलला मुळातच होतं. त्या खुणा काढल्यावर आकडा 65,000 वर आला. म्हणजे स्वस्त तर नाहीच, उलट चार हजारांनी महाग.

आणि तो 65,000 सुद्धा आमच्या गाडीला लागू नव्हता. सरासरी किंमत धरायची तर गाडी स्वच्छ हवी, ठळक दोष नको, टायर चांगले हवेत. जास्त झिजलेल्या गाडीसाठी त्याच दरपत्रकात खालचा दर वेगळा दिलेला असतो. तो रकाना आम्हाला दाखवलेल्या कागदावर नव्हताच.

टायरचंच बघा. नक्षी कोरी करकरीत, मैलही जेमतेम 28,000. पण आरव्हीचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. टायरवर डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, आणि आमच्या गाडीवर ती बाजू आतल्या अंगाला होती. नंतर मेकॅनिकने गाडीखाली शिरून टॉर्च मारला तेव्हा दिसलं : 3414. म्हणजे 2014चा चौतिसावा आठवडा. सहाही टायर मूळचेच, आणि सहाही बदलावे लागले.

पण खरा घाव पाण्याचा. क्लास सी गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर जो बिछाना असतो, त्याचे पुढचे कोपरे गळतीसाठी बदनाम आहेत. आमच्या गाडीत तिथे भिंतीला नवीन वॉलपेपर चिकटवलेला होता आणि छतावरच्या सांध्यांवर पाणी अडवणारा पांढराशुभ्र ताजा सीलंट. "नुकतीच सगळी देखभाल केलीय," असं आम्हाला अभिमानाने सांगितलं गेलं. जूनमधल्या एका रात्रीच्या पावसात आईची उशी ओली झाली. मेकॅनिकने गादी उचलून कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो नुसत्या दाबाने प्लायवूडमध्ये आत गेला. बाहेरच्या फायबरग्लासला तिरप्या उजेडात फुगवटा दिसत होता. आतलं लाकूड कुजून बाहेरचा थर सुटायला लागला की दुरुस्ती हजारो डॉलरांत जाते. आमचा अंदाज आला अकरा हजारांचा.

खरेदीआधी आम्ही बाहेरचा आरव्ही इन्स्पेक्टर आणायचं म्हटलं होतं. इन्शुरन्सचं कारण देऊन डीलरने नकार दिला आणि स्वतःच्याच तपासणीचा कागद हातात ठेवला. असा नकार मिळाला की तिथून सरळ निघा, गाडी कितीही आवडलेली असो. ओलावा मोजणारं यंत्र भिंतीला लावायला पाच मिनिटं लागतात. ज्याला लपवायचं नाही तो अडवत नाही.

किमतीवर बोलणं सुरू झालं की तिथे विषय लगेच मासिक हप्त्यावर नेतात. पंधरा वर्षांच्या लोनवर चार-पाच हजारांचा फरक हप्त्यात जाणवतच नाही. त्यात ते दिवस तेजीचे होते. कोविडमुळे मागणी इतकी वाढली की 2021 मध्ये कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या. 2023 मध्ये हा आकडा तीन लाख तेरा हजारांच्या आसपास आला, आणि जुन्या गाड्यांचे भावही उतरले. आज आमची लोनची बाकी गाडीच्या बाजारभावाहून जास्त आहे.

आणखी एक. डीलरकडच्या जुन्या कारच्या काचेवर वॉरंटी आहे की नाही हे सांगणारं 'बायर्स गाइड' लावणं फेडरल नियमाने सक्तीचं आहे. पण हा नियम 8,500 पाउंडांच्या आतल्या वजनक्षमतेच्या वाहनांनाच आहे, आणि ई-450वरची मोटरहोम त्याच्या कितीतरी वर जाते. त्यामुळे 'ॲज इज' (आहे तशी, वॉरंटीशिवाय) हे शब्द काचेवर नव्हते, कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होते. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे आम्ही तक्रार केली आहे. डीलरने उत्तरात तेच पान जोडलं. सेल्समनने खुणा केलेला तो किमतीचा कागद आणि कंपनीचं माहितीपत्रक शेजारी-शेजारी ठेवून आम्ही पुन्हा पाठवलं आहे.