चॅसी क्रमांक जुळला, तरी ट्रक चोरीचा निघाला

जुना दहाचाकी ट्रक घेताना कागदपत्रांच्या बाबतीत मी हयगय केली नव्हती, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. नोंदणीपुस्तिका, विमा, योग्यता प्रमाणपत्र, कराच्या पावत्या आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, हे सर्व मी नोंदणी कार्यालयातील नोंदींशी ताडून पाहिले होते व ते अस्सल होते. चॅसीवरचा १७ अक्षरांचा क्रमांकही मी स्वतः चाकाजवळ वाकून, विजेरीच्या उजेडात, पुस्तिकेतील क्रमांकाशी एकेक अक्षर लावून पाहिला होता. तरीही त्या ट्रकची मालकी माझ्याकडे कधीच आली नाही, कारण कागद एका गाडीचे होते आणि गाडी दुसरीच होती.

या फसवणुकीची रीत अशी असते. अपघातात निकामी झालेला एखादा ट्रक भंगारात घेतला जातो, पण त्याची नोंदणी रद्द न करता कागद जपून ठेवले जातात. पुढे त्याच बनावटीचा ट्रक चोरून आणतात, त्याच्या चॅसीवरचा मूळ क्रमांक घासून काढतात आणि त्या जागी भंगारातल्या ट्रकचा क्रमांक ठोकतात. नंबरपाटी बदलायला तर काहीच वेळ लागत नाही. अशा गाडीचे कागद कितीही वेळा तपासले तरी त्यांत खोट सापडत नाही, कारण ते खोटे नसतातच.

मला सावध होण्याची संधी मिळाली होती, हे मात्र मान्य केले पाहिजे. नोंदणीच्या सालाच्या मानाने गाडी फारच चांगल्या स्थितीत होती. माझ्याबरोबर आलेल्या जुन्या चालकाने केबिनमध्ये बसताच म्हटले, "शेठ, ही केबिन या सालची वाटत नाही." विकणाऱ्याने लगेच खुलासा केला की अपघातानंतर केबिन नवी बसवली आहे. इंजिन क्रमांक पुस्तिकेशी जुळत नव्हता, त्यावरही त्याने इंजिन बदलल्याचे आणि नोंद लवकरच होणार असल्याचे सांगितले. मी दोन्ही खुलासे स्वीकारले आणि गाडी चांगली मिळाली या समाधानात ठरलेल्या रकमेपैकी बहुतेक रक्कम देऊन टाकली. खरे तर काचांवरील खुणा, सीटबेल्टच्या पट्टीवरची चिठ्ठी आणि गिअरबॉक्सवरची पाटी, या तिन्हींवर नोंदणीनंतरचे एकच साल होते. एखादा भाग बदलला जाऊ शकतो. पण सगळे भाग एकाच नव्या सालचे निघाले, तर कागदावरचे सालच त्या गाडीचे नाही असा संशय घ्यायला हवा होता.

हस्तांतरणाच्या वेळी निरीक्षकांनी चॅसीवरील क्रमांकाच्या जागेवरून हात फिरवला आणि ते थांबले. बाकीच्या गर्डरवर जुना, भेगाळलेला रंग होता आणि तेवढ्याच पट्ट्यावर ताजा. रंग खरवडल्यावर पत्रा किंचित खोलगट दिसला आणि अक्षरांची खोली व त्यांमधले अंतर सारखे नव्हते. पुढे तपासणीत ती जागा घासून गुळगुळीत करून तिच्यावर आम्लयुक्त रसायन लावले गेले. थोड्या वेळाने ठोकलेल्या आकड्यांच्या खाली वेगळे आकडे अंधूकपणे उमटू लागले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ठसा मारताना अक्षराखालचा धातूही दाबला जातो. वरचे अक्षर घासून गेले तरी तो दाबलेला थर काही खोलीपर्यंत उरतो आणि रसायन त्याला आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने खाते, असे मला समजावून सांगण्यात आले. त्या आकड्यांवरून मूळ मालक सापडला. गाडी जप्त होऊन रीतसर त्याच्याकडे गेली, आणि ते योग्यच झाले.

आता जे कोणी जुना ट्रक घेणार आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की केवळ क्रमांक वाचू नका, ज्या धातूवर तो ठोकला आहे तो धातू पाहा. त्या जागेवर ताजा रंग, वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. १७ अक्षरी क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरली जात नाहीत. ती दिसली तर ठोकणाऱ्याची चूक उघड आहे. नव्या ट्रकमध्ये हाच क्रमांक इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातही साठवलेला असतो आणि उत्पादकाच्या अधिकृत कार्यशाळेत तो वाचता येतो. मी एवढे केले असते तरी पुरे होते. इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद आधी पूर्ण करून घ्या. मुख्य म्हणजे, गाडीची प्रत्यक्ष तपासणी होऊन हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत मोठी रक्कम हातची सोडू नका. विकणारा घाई करत असेल, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे असे सांगत असेल, तर त्याला त्या गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या.

मला गाडी विकणाऱ्याचा पत्ता अद्याप लागलेला नाही. पोलीस तक्रार दाखल आहे, आणि जो ट्रक आता माझ्याकडे नाही, त्याच्या कर्जाचे हप्ते मी दरमहा भरत आहे.