हिशेबाची कामे स्वतः करावीत की सोपवावीत?

बेळगावच्या उद्यमबागेत मोजक्या कामगारांवर मशीन शॉप चालवणाऱ्या मालकापुढे दोन मार्ग असतात: बिले, ई-वे बिल (माल वाहनातून नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा दाखला) आणि जीएसटीची विवरणपत्रे स्वतः हातावेगळी करणे, किंवा ती अर्धवेळ हिशेबनिसाकडे सोपवून आपला वेळ दर ठरवणे, ग्राहक आणि मालाचा दर्जा यांना देणे.

पहिल्या मार्गात पगार वाचतो आणि पैशावर नजर राहते. धंदा नवा असताना तोच योग्य.

काम वाढले की मात्र हिशेब बदलतो. कोल्हापूरच्या शिरोलीला जाणारा माल राज्याची सीमा ओलांडतो, म्हणून त्यावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लागतो आणि किंमत ५०,००० रुपयांवर गेली की सहसा ई-वे बिलही काढावे लागते. टेम्पो दारात उभा असताना मालकच संगणकासमोर अडकला, तर लेथवरून उतरलेला पहिला नग मायक्रोमीटरने तपासायला जाणता माणूस उरत नाही आणि त्या नगातला दोष पुढच्या सगळ्या मालात उतरतो. ई-वे बिल काढणे शिकवता येते. पोर्टलवर कर्मचाऱ्यासाठी उपखातेही उघडता येते. नगावरची नजर तयार व्हायला मात्र वर्षे लागतात.

उलाढाल ५ कोटींपर्यंत असल्यास तिमाही विवरणपत्राची सोय घेता येते, त्यामुळे हिशेबनीस रोज लागेलच असे नाही. माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. फक्त बँकेतून पैसे सोडण्याचा अधिकार आणि दर आठवड्याला थकबाकीची यादी पाहण्याचे काम मालकाने स्वतःकडेच ठेवावे.