एक फॅरडचा कॅपॅसिटर, एजीएम बॅटरी आणि तांब्याची वायर: तिन्ही वापरून झाल्यावर

सुरुवातीलाच सांगते. गाडीत वूफर लावलाय, बास वाजला की हेडलाइट मंदावतात आणि हातात ठरावीकच पैसे आहेत, तर ते आधी वायर आणि अर्थिंगवर घाला. मग बॅटरी. कॅपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा डबा, सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तो लागणारच नाही. दुकानात नेमकं उलट सुचवतात, कारण निळ्या आकड्यांचा चकाकता कॅपॅसिटर काउंटरवर छान दिसतो आणि वायर गालिच्याखाली जाते.

माझी गाडी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली. डिक्कीतला 12 इंची वूफर, 500 वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देऊ शकेल एवढ्या ताकदीचा) एकाच चॅनेलचा, मोनोब्लॉक अ‍ॅम्प आणि कॅपॅसिटर हे सगळं आधीच्या मालकाने बसवलेलं. मी ऐकते भजन आणि पखवाज. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा पोटात जाणवला पाहिजे, एवढीच अपेक्षा. पण साताऱ्याहून पुण्याला जाताना रात्री प्रत्येक 'धा'ला समोरचा रस्ता अंधारायचा आणि घुमारा अर्ध्यातच बसायचा.

मी महावितरणमध्ये आहे, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं वाटलं. लाइनच्या शेवटच्या टोकाला शेतकऱ्याची मोटार उचलत नाही तेव्हा ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज नीट असतं, ते वाटेत मरतं. गाडीतही तेच असणार म्हणून मीटर घेऊन बसले. 45 हर्ट्झचा सलग टोन मोबाईलवरून लावला, कारण गाणं चालू असताना आकडा स्थिर राहत नाही. इंजिन थोडं रेसवर ठेवलं. बॅटरीच्या टर्मिनलवर 13.7 व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर 12.3. म्हणजे 1.4 व्होल्ट बॉनेट ते डिक्की या प्रवासात गायब! निम्मे पॉझिटिव्ह वायरमध्ये, निम्मे अर्थिंगला. (अ‍ॅम्पिअर मोजायचे असतील तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. आमच्या कामावरचा साधा टाँग टेस्टर फक्त एसी करंट दाखवतो, इथे तो उपयोगाचा नाही.)

पुण्यात नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. दुकान छोटं, पुढे बसायला एक बाकडं. बॅटरीची किंमत विचारली तर म्हणाला, "ताई, आधी अर्थ बघू, मग बॅटरीचं बोलू." तिथेच माणूस आवडला.

त्याने डिक्कीतला अर्थचा स्क्रू काढला. पत्र्यात घुसवलेला साधा सेल्फ-टॅपिंग स्क्रू, आणि लगच्या (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खाली गाडीचा रंग जसाच्या तसा. धातूला धातू लागतच नव्हता, जो काही करंट जात होता तो स्क्रूच्या आट्यांमधून. मग वायरचं टोक ब्लेडने खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. वर जाड प्लास्टिक असल्याने वायर अंगठ्याएवढी दिसते, आतला धातू करंगळीच्या निम्मा. "दादा, हे किटमध्ये असंच येतं का?" तर म्हणाला, स्वस्त किटमध्ये असंच येतं.

त्याने 25 स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. फ्यूज तिथेच हवा. तो अ‍ॅम्पजवळ असेल आणि मधे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. बॉनेटमधून आत येताना रबरी ग्रोमेट घातलं. अर्थिंगसाठी रंग घासून पांढरा पत्रा काढला, नट-बोल्ट आरपार घेतला, वर ग्रीसचा हात. शिवाय इंजिनकडच्या तीन वायरी वाढवल्या: आल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. कंपनीच्या वायरी कापल्या नाहीत, त्यांच्या जोडीला नव्या टाकल्या. हे महत्त्वाचं, हार्नेस (कंपनीच्या वायरींचा जुडगा) कापला की वॉरंटीची कटकट सुरू होते. ज्यांच्या नव्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो त्यांनी अ‍ॅम्पची अर्थ थेट टर्मिनलवर न घेता बॉडीवर घ्यावी, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो.

पुन्हा तोच टोन, तेच मीटर. फरक 1.4 वरून 0.3 व्होल्टवर. अ‍ॅम्पला आता 13.3 मिळत होते. अशा साध्या अ‍ॅम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे हिशेबाने सुमारे 17 टक्के जास्त. आणि बॅटरीला तोवर हातही लावलेला नव्हता.

बॅटरी नंतर बदलली, कारण सिग्नलला एसी आणि हेडलाइट चालू असताना बासच्या ठोक्याला व्होल्टेज 11.9 पर्यंत खाली येत होतं. मंद इंजिनवर आल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली चालतो, तुटवडा बॅटरी भरून काढते. अशा गाडीत येते ती 35 अँपिअर-अवरची. मी तिच्या जागी एजीएम घेतली. या प्रकारात आम्ल काचेच्या तंतूंच्या जाळीत शोषलेलं असतं आणि अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे एकदम मोठा करंट मागितला तरी तिचं व्होल्टेज फारसं खाली येत नाही. आता तिथेच 12.5 दिसतात. खरं सांगायचं तर यातलं थोडं श्रेय नवेपणाला आहे, जुनी थकलीच होती. पण सकाळी गाडी एका सेल्फला सुरू होते आणि गाडी बंद करून थोडा वेळ भजन ऐकलं तरी बॅटरी उतरत नाही. पैसे मात्र साध्या बॅटरीच्या दुपटीहून जास्त गेले. ट्रेचं माप आणि टर्मिनलची बाजू बघून घ्या, आणि आल्टरनेटर 14.8 च्या वर जात नाही ना ते तपासा. एजीएममध्ये पाणी टाकता येत नाही, जास्त चार्ज झाली की कायमची सुकते. बॉनेटच्या उष्णतेचा त्रास तिलाही होतो. दुसरी बॅटरी डिक्कीत ठेवायची असेल तर बंद एजीएमच घ्या, पाण्याची नको. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि डिक्कीची हवा आपणच श्वासात घेतो.

आता कॅपॅसिटर. माझा एक फॅरडचा (फॅरड हे साठवणक्षमतेचं माप) 14 व्होल्टवरून 12 पर्यंत उतरताना फक्त 26 ज्यूल देतो. माझा अ‍ॅम्प पूर्ण जोरावर सुमारे 600 वॅट ओढतो. म्हणजे कॅपॅसिटर पुरतो सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका. 45 हर्ट्झच्या जेमतेम दोन लाटा. ढोलाच्या टिपरीच्या अगदी पहिल्या क्षणाला तो आधार देईल, पखवाजाचा घुमारा त्याच्या आवाक्यातला नाही. शिवाय तो वीज तयार करत नाही, रिकामा झाला की त्याच आल्टरनेटरकडून भरून घेतो. वायर बदलल्यावर तो काढून पाहिला, मीटरवर फरक दिसला नाही. आकड्यांचा डिस्प्ले रात्रभर बॅटरी पीत होता तो त्रासही गेला. कुणी लावणारच असेल तर पहिल्यांदा रोधक किंवा टेस्ट लॅम्पमधून हळूहळू भरा. रिकामा कॅपॅसिटर थेट जोडला की मोठी ठिणगी उडते.

सुपरकॅपॅसिटरची, म्हणजे कितीतरी जास्त साठवण असलेल्या कॅपॅसिटरची, गोष्ट वेगळी. 2.7 व्होल्टचे 500 फॅरडचे सहा सेल सिरीजमध्ये जोडले की 83 फॅरड मिळतात, माझ्या अ‍ॅम्पला साडेतीन सेकंद पुरतील एवढे. त्यात खरा जीव आहे, पण सगळ्या सेलचं व्होल्टेज सारखं ठेवणाऱ्या बॅलन्सिंग बोर्डाशिवाय घेऊ नका. 500 वॅटला त्याची गरज नाही, हजार-दोन हजारवाल्यांनी विचार करावा, आणि त्यांनी मोठ्या आल्टरनेटरचाही.

इलेक्ट्रिशियनला माझ्याकडून पूर्ण गुण. मजुरी जरा जास्त घेतली, पण प्रत्येक लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबला आणि मीटरचे आधीचे-नंतरचे आकडे बिलावर लिहून दिले. एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर दिवे अजून किंचित हलतात, तेवढं राहिलंय. 500 वॅटसाठी आल्टरनेटर बदलायचा माझा विचार नाही, सिग्नलला आवाज दोन घरं खाली करते.