एरर नाणी की चकचकीत यूएनसी? दिवाळी ते श्रावण, माझा अनुभव

महिन्याला दोनेक हजार नाण्यांवर जातातच, तर गेल्या दिवाळीत ठरवलं की अर्धे एररवर, म्हणजे टाकसाळीत चुकून बिघडलेल्या नाण्यांवर घालायचे आणि अर्धे साध्याच पण एकदम कोऱ्या, व्यवहारात न फिरलेल्या यूएनसी (अनसर्क्युलेटेड) नाण्यांवर, बघू कशात जीव रमतो. मालिका एकच धरली, स्टीलचा १ रुपया, १९९२ ते २००४, तो ४.८५ ग्रॅमवाला.

एररमध्ये पहिल्याच घासाला खडा लागला. कडेचा तुकडा गेलेलं 'क्लिप' नाणं आठशेला घेतलं, महिन्याने कळलं की कुणीतरी कानशीने घासलंय. खरं क्लिप म्हणजे पत्र्यातून चकती कापतानाच ती अर्धवट कापली गेलेली असते, म्हणजे छाप बसायच्या आधीच तुकडा गेलेला, त्यामुळे बरोबर समोरची कडही बहुतेक वेळा फिकी उठते. माझ्याची समोरची कड ठणठणीत! विकणारा म्हणे, दादा एवढा उद्योग कोण करतंय. नंतर फोनच उचलेना.

ब्रॉकेज नावाच्या एररचंही तेच. खऱ्यात एका बाजूला नीट छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, आत गेलेली. दोन नाणी शिकंज्यात दाबून बनवलेलं असेल तर नीट बाजू चेपलेली दिसते. भिंग आणि सोनाराकडचा छोटा काटा, याशिवाय एररच्या नादी लागूच नका. आणि ते वैष्णोदेवीचं नाणं लाखोंना जातं वगैरे मेसेज डिलीट करा, असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलंय.

यूएनसीत फसवणूक कमी पण चिकाटी जास्त लागते. टाकसाळीतच नाणी पोत्यात एकमेकांवर आपटतात, त्यामुळे कोऱ्या नाण्यालाही ओरखडे असतातच, लाईटखाली तिरकं फिरवलं की चकाकी गोल फिरते ती बघायची. मग टाकसाळींच्या खुणा, मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही, असं लावत बसलं की रविवार कसा जातो कळत नाही. पीव्हीसीचे स्वस्त पाऊच मात्र घेऊ नका, माझे पावसाळ्यात चिकट झाले, सगळं मायलारच्या (पीव्हीसी नसलेलं प्लास्टिक) पाऊचमध्ये हलवलं. आणि धुवायचं तर नाहीच नाही. आज्जीचा तांब्याचा पाव आणा आईने प्रेमाने चिंच लावून लख्ख केला, आता तो फक्त देव्हाऱ्यात शोभतो.

माझं मत विचाराल तर नवख्याने आधी यूएनसी जमवावीत. बरोबर नाणं हातात शे-दीडशे वेळा फिरल्याशिवाय चुकलेलं ओळखूच येत नाही. परवा पुण्याच्या जुन्या बाजारात वीस रुपयांच्या ढिगातून एक ताऱ्याचं उचललं, पानासारखं उलटलं तर मागची बाजू सरळ यायला हवी ना, ती चक्क आडवी. डाय, म्हणजे छापाचा साचा, फिरलेली! विकणाऱ्या काकांच्या ते गावीही नव्हतं, मी गुपचूप वीसची नोट काढली.