डिस्कव्हर पास: सिएटलला मुलांकडे जाणाऱ्या सोलापूरकरांनी घ्यावा का?

सोलापुरातून लेकाकडे किंवा लेकीकडे सिएटल, रेडमंड, बेलव्ह्यूला चार-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील आता कमी नाहीत. तिथे सुट्टीच्या दिवशी गाडी डोंगराकडे निघाली की पार्किंगमध्येच डिस्कव्हर पासची पाटी दिसते. सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्याच्या सरकारचा, राज्याच्या उद्यानांत आणि इतर जमिनींवर गाडी नेण्यासाठीचा हा पास. तो माणशी नसून गाडीमागे लागतो. चालत किंवा सायकलवर आत गेलात तर लागत नाही. वर्षाचा पास 1 ऑक्टोबर 2025 पासून 45 डॉलरला आहे, आधी 30 होता. एका दिवसाचा 10 डॉलरला. पाच वेळा जाणार असाल तर वर्षाचाच घ्यावा.

या पासची खरी ताकद म्हणजे एकाच पासात राज्याच्या तीन खात्यांच्या जमिनी उघडतात: राज्य उद्यानं, मत्स्य व वन्यजीव खातं आणि नैसर्गिक संसाधन खातं. आपल्याकडे भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, नान्नजचं माळढोक अभयारण्य वन विभागाचं, हिप्परग्याचा तलाव जलसंपदाचा. मालक वेगळे, परवानग्याही वेगळ्या. किल्ल्याच्या तिकिटाचे पैसे तर भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या एकत्रित तिजोरीत, जमा होतात, त्यामुळे इथली तिकीटविक्री वाढली म्हणून इथला बुरूज दुरुस्त होईल असं नाही.

तिकडे पैशाची वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे. 2011 मध्ये मंदीमुळे राज्याच्या तिजोरीतून उद्यानांना मिळणारा पैसा आटला, तेव्हा हा पास आला. पासची रक्कम एका स्वतंत्र निधीत जमा करायची आणि तिथून 84 टक्के राज्य उद्यानांना, 8 टक्के मत्स्य व वन्यजीव खात्याला, 8 टक्के नैसर्गिक संसाधन खात्याला द्यायची, असं सूत्र ठरलं. म्हणजे तेव्हाच्या 30 डॉलरमधले 25.20 उद्यानांकडे आणि उरलेल्या दोघांकडे 2.40-2.40. दोन वर्षांच्या अर्थसंकल्पी काळात जमा 7 कोटी 10 लाख डॉलरच्या वर गेली, तर वरचा पैसा तिघांत समान. वाटा असा तिरका का, ते सरळ आहे: सर्वांत जास्त पैसा त्या वेळी उद्यानांचाच तुटला होता.

जाण्याआधी मात्र जमीन कोणाची हे बघावंच लागतं. डिसेप्शन पास, लेक समॅमिश, वॉलेस फॉल्स ही राज्य उद्यानं. माउंट साय नैसर्गिक संसाधन खात्याकडे. या सगळ्यांना हा पास चालतो. माउंट रेनियर मात्र केंद्राचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि फ्रँकलिन फॉल्स केंद्राच्या वनसेवेच्या जमिनीवर. तिथे डिस्कव्हर पासचा काही उपयोग नाही, वेगळा पास लागतो. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो, कारण पाट्या सारख्याच दिसतात. दुसरी चूक मोफत दिवसांची. वर्षात काही दिवस पास माफ असतो, पण ती सूट मुळात राज्य उद्यानांची. बाकी दोन खात्यांच्या जमिनीवर ती गृहीत धरू नका, आधी खात्री करा. उद्यानात मुक्कामाचं आरक्षण असेल तर तेवढ्या मुक्कामात त्या उद्यानात पास लागत नाही. मासेमारीच्या परवान्यासोबत जो गाडीचा पास मिळतो, तो फक्त मत्स्य व वन्यजीव खात्याच्या जमिनीवर चालतो, हेही ध्यानात ठेवा.

वापरायची पद्धत सोपी आहे, फक्त नीट करावी. पासवर दोन गाड्यांचे नंबर लिहायला जागा असते. एका वेळी एकाच गाडीत तो चालतो. घरात दोन गाड्या असतील तर दोन्ही नंबर पक्क्या शाईने लिहा. भाड्याच्या गाडीचा नंबर तिथे लिहून जागा वाया घालवू नका, तिच्यासाठी एका दिवसाचा पास पुरे. पास आतल्या आरशाला, बाहेरून वाचता येईल असा लटकवायचा. पास घरी राहिला आणि गाडीत दिसला नाही, तर दंड 99 डॉलर. 15 दिवसांत पास विकत घेतल्याचा पुरावा न्यायालयात दिला तर तो 59 वर येतो.

विक्रेत्याकडे किंवा दुकानात घेतला तर किमतीवर व्यवहारशुल्क चढतं. मुलाच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर त्याच अर्जात पास घेता येतो, ते शुल्क वाचतं. पास घेतल्यावर वर्षभर चालतो, म्हणून परतायच्या तारखेआधी महिनाभर घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, मुलं पुढे वापरणार असतील तर गोष्ट वेगळी. एक-दोनदाच जायचं असेल तर आधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. तिथली बरीच वाचनालयं पुस्तकासारखा हा पासही घरी नेऊ देतात.